नेता गेल्यावर सत्ता कुणाकडे जाते? शेडमाके, लेनिन आणि एक अर्धवट संशोधन-प्रश्न

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. पेट निघाली होती, आता सिनॉप्सिस लिहायचा होता. "दादा, विषय ठरलाय. क्रांतिकारी नेत्याच्या मृत्यूनंतर हुकूमशहा सत्तेवर कसा येतो. लेनिन-स्टालिन घेतोय, जमलं तर अजून एक-दोन देश. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल. पण मग बाबुराव शेडमाकेंनंतर का नाही आला?"

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण हा प्रश्न मी पूर्ण गांभीर्याने विचारला होता, आणि का विचारला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. तुमचा विषय इतिहासातला असो, राज्यशास्त्रातला असो की समाजशास्त्रातला, यातली पद्धत कामी येईल असं वाटतं.

आधी चूक कुठे होते ते बघू

"हुकूमशहा कसा येतो" असा प्रश्न घेतला की आपण आपोआप हुकूमशहा आलेलीच उदाहरणं गोळा करतो. रशियात लेनिननंतर स्टालिन. चीनमध्ये सुन यत्-सेननंतर च्यांग काय-शेक. मग दोन्हीकडे काय सारखं आहे ते शोधतो आणि म्हणतो, हेच कारण. दोन्हीकडे पक्ष होता, दोन्हीकडे वारसांचं भांडण होतं, दोन्हीकडे गेलेल्या नेत्याची पूजा झाली. झालं, तीन कारणं सापडली!

सापडली नाहीत. कारण हीच तिन्ही कारणं जिथे हुकूमशहा आला नाही तिथेही असू शकतात. हे म्हणजे फक्त दवाखान्यात जाऊन मलेरिया झालेल्यांना विचारायचं, "तुम्ही भात खाता का?" सगळे हो म्हणतील. पण गडचिरोलीत ज्यांना मलेरिया झाला नाही तेही भातच खातात. याला निवडीतला पूर्वग्रह म्हणतात. उपाय एकच: ज्या ठिकाणी नेता गेला पण हुकूमशहा आला नाही, अशी उदाहरणं मुद्दाम शोधून शेजारी ठेवायची. आणि ती शोधायला मॉस्कोला जायची गरज नाही.

पहिलं उदाहरण: १८५८, लढाच संपला

बाबुराव पुलेश्वर शेडमाके. मोलमपल्लीचे जमीनदार घराणे, जन्म १८३३. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी आदिवासी तरुणांची जंगोम सेना उभी केली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तार-छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपुरात त्यांना फाशी झाली. वय पंचवीस.

त्यानंतर काय झालं? व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पुढे तेही पकडले गेले आणि जन्मठेप झाली. बंडात सामील झालेल्यांच्या जमीनदाऱ्या जप्त झाल्या, त्यांचा काही भाग बक्षीस म्हणून अहेरीकडे गेला. लढा थांबला. त्याच्यातून ना दुसरा नेता उभा राहिला ना कुणी हुकूमशहा.

का? लढ्याचा आधार काय होता ते बघा. जमीनदारीतली गावं, नातेसंबंध, आणि बाबुरावांवरचा विश्वास. गावं जप्त झाली, नातेवाईक पांगले, माणूस गेला. वारसाने ताब्यात घ्यावी अशी वस्तूच शिल्लक नव्हती. आजही २१ ऑक्टोबरला लोक त्यांना अभिवादन करायला चंद्रपुरात जमतात, म्हणजे श्रद्धा तर भरपूर उरली. पण नुसत्या श्रद्धेतून सत्ता तयार होत नाही. हा आपला पहिला निष्कर्ष, आणि तो बिनखर्चात मिळाला.

(एक इशारा. १८५८ बद्दल आपल्याला जे तपशिलात माहीत आहे ते बरंचसं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून, म्हणजे १८६९ चा लुसी स्मिथचा जमाबंदी अहवाल, १९०९ चं चांदा गॅझेटिअर वगैरे. ते जिंकलेल्या बाजूचे कागद आहेत. गोंडी गाण्यांत आणि गावच्या आठवणीत हीच गोष्ट वेगळी ऐकू येते. दोन्ही वापरा, पण कुठली माहिती कुठून आली हे वहीत वेगवेगळं लिहा.)

दुसरं उदाहरण: १९५६, बिनहत्यारी चळवळ

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. आणि ६ डिसेंबरला ते गेले. पन्नास-एक दिवसांच्या अंतरात.

पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एकच माणूस बाबासाहेबांची जागा घेऊ शकत नाही हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून सामूहिक नेतृत्वाचा विचार झाला. तरी दोन-तीन वर्षांतच दादासाहेब गायकवाड एकीकडे आणि बी. सी. कांबळे दुसरीकडे अशी फूट पडली. पुढे आपल्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, जे राज्यसभेचे उपसभापतीही झाले, आणि रा. सू. गवई यांचे गट वेगळे झाले. त्यानंतरचे गट मोजायला लागलो तर पोस्ट तिथेच संपेल.

आता हे उदाहरण इथे का आणलं? बाबासाहेबांची चळवळ घटनेच्या चौकटीतली होती, तिची तुलना सशस्त्र चळवळींशी करणं अनेकांना खटकेल. मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. पण तुलना म्हणजे "दोन्ही सारखे" असं म्हणणं नव्हे. हे उदाहरण आपल्या तपासणीचं आहे, पुढे कळेल कसं.

तिसरं उदाहरण: १९७२, आणि गडचिरोलीपर्यंत आलेली वाट

२२ एप्रिल १९६९ ला भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाला, सरचिटणीस चारू मजुमदार. उघड संघटना जवळपास सोडून दिलेल्या, काम गुप्त, तुकड्या एकमेकींपासून तुटलेल्या. १९७१ मध्येच सत्यनारायण सिंह वेगळे झाले. जुलै १९७२ मध्ये मजुमदारांना अटक झाली आणि २८ जुलैला कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. नंतर पक्षाचे इतके तुकडे झाले की कोण कुणाला मानतं हेच कळेना.

त्यातल्या आंध्रच्या धाग्यातून कोंडापल्ली सीतारामय्या यांनी २२ एप्रिल १९८० ला पीपल्स वॉर उभी केली. त्याच सुमारास दलम गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आले. त्यावेळी गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून निघाला.

इथे एक मजेशीर गोष्ट घडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीपल्स वॉरने आपल्या संस्थापकालाच काढून टाकलं. सीतारामय्या जिवंत होते, २००२ पर्यंत जगले. त्यांच्या जागी गणपती म्हणजे मुप्पाला लक्ष्मण राव आले. २००४ मध्ये एमसीसीशी विलीनीकरण होऊन भाकप (माओवादी) झाला तेव्हाही सरचिटणीस तेच. २०१८ मध्ये ते बाजूला झाले आणि बसवराजू म्हणजे नंबाला केशव राव आले. २१ मे २०२५ ला अबूझमाडच्या जंगलात बसवराजू मारले गेले. शस्त्रं ठेवायची की नाही यावर पक्षातला वाद उघड पत्रकांतून बाहेर आला, आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मल्लोजुला वेणुगोपाल राव म्हणजे भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केलं.

म्हणजे १९७२ मध्ये नेता गेला आणि तुकडे झाले. २०२५ मध्ये नेता गेला आणि पुन्हा तुकडे झाले. मध्ये नेता जिवंत असताना समितीने त्याला बाजूला केलं. एका माणसाच्या हाती सगळं गोळा झालं असं यात कुठेच दिसत नाही.

आता लेनिन

लेनिन २१ जानेवारी १९२४ ला गेला. त्यावेळी रशियाबाहेर कुणाला विचारलं असतं तर वारस म्हणून ट्रॉट्स्कीचं नाव आलं असतं. लाल सैन्य त्याने उभं केलं होतं, भाषण करायला उभा राहिला की लोक ऐकत राहायचे. स्टालिन कोण? एप्रिल १९२२ पासून पक्षाचा सरचिटणीस. कंटाळवाणं, कागदी काम.

त्या कागदी कामातच सगळं होतं. नेमणुका सचिवालयातून व्हायच्या. कुठल्या प्रांतात पक्षाचा सचिव कोण, कुणाची बदली कुठे, याची यादी तिथे ठेवली जायची. साखळी अशी: स्टालिन प्रांताचे सचिव नेमणार. ते सचिव आपापल्या प्रांतातून पक्षाच्या अधिवेशनाला कोण जाणार हे ठरवणार. अधिवेशन केंद्रीय समिती निवडणार. आणि ती समिती स्टालिनला पुन्हा सरचिटणीस करणार. रॉबर्ट डॅनिएल्स या इतिहासकाराने याला सत्तेचा वर्तुळाकार प्रवाह म्हटलं आहे. बाहेरून बघितलं तर प्रत्येक पायरीवर निवडणूक. आतून बघितलं तर प्रत्येक मतदार आधीच नेमलेला.

याला दोन गोष्टींची जोड मिळाली. १९२१ च्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली होती, आणि ती लेनिननेच आणली होती. त्यामुळे विरोधात एकत्र येणं हाच नियमभंग. दुसरं, लेनिनच्या नावाने १९२४ मध्ये दोन लाखांहून जास्त नवे सभासद भरती झाले. या लोकांना जुनी भांडणं माहीत नव्हती, आणि पक्षातली त्यांची वाट सचिवांच्या हातून जात होती.

आणि लेनिनचं मृत्युपत्र? जानेवारी १९२३ मध्ये त्याने स्टालिनला सरचिटणीस पदावरून हटवावं असं लिहून घेतलं होतं. मे १९२४ मध्ये ते प्रतिनिधींच्या छोट्या बैठकांत वाचलं गेलं, छापलं मात्र गेलं नाही. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांनी स्टालिनला सांभाळून घेतलं, कारण त्यांना भीती ट्रॉट्स्कीची होती. पुढे त्यांचाही नंबर लागला. १९२७ मध्ये ट्रॉट्स्की पक्षाबाहेर, १९२९ मध्ये बुखारिन पॉलिटब्युरोबाहेर. पाच वर्षांत मैदान साफ.

शेजारी ठेवल्यावर काय दिसतं

आता चारही उदाहरणं एकाच पानावर मांडा. प्रत्येकापुढे चार प्रश्न: नेत्याची पूजा झाली का? वारसांचं भांडण झालं का? हत्यारं होती का? आणि पगारी पदांची, नेमणुकांची यंत्रणा कुणा एकाच्या हाती होती का?

पूजा चारही ठिकाणी कमी-जास्त झाली. म्हणजे ते कारण एकट्याने पुरत नाही. वारसांचं भांडण तीन ठिकाणी झालं, दोन ठिकाणी त्यातून फूट आली आणि एका ठिकाणी हुकूमशाही. तेही पुरत नाही. हत्यारांचं बघा. इथे बाबासाहेबांनंतरचं उदाहरण कामाला येतं. नक्षल चळवळ सशस्त्र आणि गुप्त, रिपब्लिकन पक्ष पूर्ण उघड आणि संसदीय. तरी दोन्हीकडे फूटच. म्हणजे "गुप्त आणि सशस्त्र असल्यामुळे तुकडे झाले" हे स्पष्टीकरण डळमळीत होतं.

उरतो चौथा प्रश्न. रशियात पक्षाच्या मागे अख्खं राज्य होतं: पगार, घर, रेशन, बदली, बढती. जो नेमणुका करतो त्याच्याशी भांडून बाहेर पडणाऱ्याला जायला जागा नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तिन्ही उदाहरणांत अशी यंत्रणा नव्हती. नाराज माणूस उठून दुसरा गट काढू शकत होता, किंवा घरी जाऊ शकत होता. म्हणून माझं गृहीतक असं: नेत्याच्या मृत्यूनंतर हुकूमशहा तिथे येतो जिथे नेमणुकांची यंत्रणा आधीच एका हातात असते आणि बाहेर पडायची वाट बंद असते. हुकूमशहाची तयारी नेता जिवंत असतानाच झालेली असते. मृत्यू फक्त ते उघड करतो.

गृहीतकाला लगेच धक्का द्या

आपलं गृहीतक आवडायला लागलं की ओळखा, धोका आहे. च्यांग काय-शेक घ्या. १२ मार्च १९२५ ला सुन यत्-सेन गेले तेव्हा पक्षात वांग चिंग-वेई आणि हू हान-मिन हे च्यांगपेक्षा मोठे होते. च्यांगकडे नेमणुकांचं रजिस्टर नव्हतं, व्हाम्पोआची लष्करी अकादमी होती. तिथले अधिकारी घेऊन १९२६ मध्ये त्याने उत्तरेची मोहीम काढली आणि एप्रिल १९२७ मध्ये शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल करून नानकिंगला आपलं सरकार बसवलं. मग रजिस्टरवाला सिद्धांत पडला का?

पूर्ण नाही, पण दुरुस्त करावा लागतो. रशियात १९२४ पर्यंत यादवी युद्ध संपलं होतं. पुढचं काम कारभाराचं होतं, म्हणून कारभाराची किल्ली ज्याच्याकडे तो जिंकला आणि लाल सैन्याचा निर्माता हरला. चीनमध्ये देश अजून जिंकायचा होता, म्हणून लष्कराची किल्ली महत्त्वाची ठरली. म्हणजे विचारायचं असं: चळवळीपुढे पुढचं काम कोणतं उरलं आहे, आणि त्या कामाच्या नेमणुका कोण करतो? अकादमीतून अधिकारी घडवणं हीसुद्धा नेमणूकच.

व्हायवाला कुणीतरी असं एक उदाहरण फेकणारच. ते तुम्ही आधीच शोधून प्रकरणात घातलं असेल तर बरं.

"हुकूमशहा" कुणाच्या नजरेतून?

सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि मी स्वतः अजून यात अडकलोय. वर मी लिहिलं की माओवादी पक्षात एका माणसाच्या हाती सत्ता गोळा झाली नाही. हे केंद्रीय समितीच्या पातळीवर ठीक आहे. पण भामरागड किंवा एटापल्लीच्या एखाद्या गावातून बघा. तिथल्या माणसाने ना गणपतीला निवडलं होतं ना बसवराजूला. त्याच्यापुढे यायचा तो दलमचा कमांडर. तेंदूचा दर वाढवून घेणाराही तोच, आणि खबरी ठरवून शिक्षा देणाराही तोच. जनअदालतीत अपील नव्हतं. दुसऱ्या बाजूने पोलीस यायचे आणि विचारायचे, रात्री जेवण कुणी दिलं? या दोन्हींच्या मध्ये गडचिरोलीतले शेकडो साधे लोक गेले.

मग त्या गावासाठी हुकूमशाही होती की नव्हती? पक्षाच्या आत सामूहिक नेतृत्व असूनही पक्षाच्या बाहेरच्या माणसावर पूर्ण हुकूमत असू शकते. म्हणून सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर लिहा: मी संघटनेच्या आतल्या सत्तेबद्दल बोलतोय, की संघटनेच्या लोकांवरच्या सत्तेबद्दल. दोन्ही एकाच शब्दात कोंबलं तर तीनशे पानं लिहूनही काही सिद्ध होणार नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखाची ग्रामसभा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेते. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबूचा व्यवहार गावानेच केला. तिथे हिशेब सगळ्यांसमोर असतो. माझं गृहीतक बरोबर असेल तर अशा गावात एखादा मोठा कार्यकर्ता गेला तरी त्याची जागा एकाने बळकावणं अवघड जायला हवं, कारण बळकवायला बंद दाराआडचं रजिस्टरच नाही. हे खरं आहे का? मला माहीत नाही, कुणीतरी तपासायला हवं. तुमच्यापैकीच कुणी.

शेवटी, वहीबद्दल

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण आधी बघितलं की भक्ती एकटी पुरत नाही. पण भक्तीमुळे एक गोष्ट नक्की होते: रजिस्टर कुणाकडे आहे हे विचारायचं लोक सोडून देतात. त्या अर्थाने त्यांचा इशारा आपल्या गृहीतकात बरोबर बसतो.

आणि तुम्ही या भागात फील्डवर्कला जाणार असाल तर एक रजिस्टर तुमच्याही हातात असणार आहे. कुणी काय सांगितलं, कोण कुणाला भेटलं, कुणाच्या घरी कोण जेवलं. इथे असल्या नोंदींनी माणसं मेली आहेत. दलम आता कमी झाले म्हणून ती भीती संपली असं समजू नका. वहीत खरी नावं लिहू नका, गावाचं नावही बदला, खूण वेगळ्या कागदावर वेगळ्या ठिकाणी ठेवा. मुलाखत द्यायला कुणी नाही म्हटलं तर चहा पिऊन या, दुसऱ्यांदा विचारू नका.

त्या ज्युनिअरने काल नवं शीर्षक पाठवलं. "हुकूमशहा कसा येतो" कापून "नेत्याच्या मृत्यूनंतर संघटनांचं काय होतं: तीन शक्यतांचा तुलनात्मक अभ्यास" केलंय. शीर्षक जरा लांब आहे, पण प्रश्न आता खरा आहे.